कामाच्या रगाड्यात साहित्य, संगीत, इतिहास : सांगलीकर नेहमी विचारतात ते प्रश्न

विश्रामबागेत एका घराच्या हॉलमध्ये आम्ही काही जण आठवड्यातून एकदा, रात्रीची जेवणं उरकली की लिबरल आर्ट्ससाठी, म्हणजे साहित्य, संगीत, इतिहास, गणित अशा विद्यांसाठी जमतो. कोणी मार्केट यार्डात अडतीवर असतं, कोणी कुपवाडच्या एमआयडीसीत, कोणी मिरजेच्या हॉस्पिटलात ड्युटी करतं, कोणी शिक्षक आहे, दोघी-तिघी घर सांभाळतात. नवीन येणारा माणूस बहुतेक हेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

तुम्ही जमून नेमकं काय करता?

एका वेळी एकच गोष्ट घेतो. ती नाटकाचा एखादा अंक असेल, एखादी बंदिश, एखादं चित्र, एखादं जुनं पत्र किंवा गणितातला एखादा सुंदर प्रश्न. आधी ती वाचतो किंवा ऐकतो, मग तिच्यावर बोलतो. भाषणं नसतात, पाहुणे नसतात, सत्कार तर नसतातच. सव्वा तासात उठतो, कारण सकाळी प्रत्येकाला कामावर जायचं असतं.

लिबरल आर्ट्स म्हणजे कॉलेजातली आर्ट्स साइडच ना?

नाही. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत या नावाखाली सात विषय शिकवत : व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. म्हणजे सातांपैकी निम्म्याहून जास्त विषय आज आपण ज्याला ‘सायन्स साइड’ म्हणतो तिकडचे किंवा तिच्या शेजारचे होते. आज त्यात साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा, चित्रकला, समाजशास्त्र असं बरंच येतं. दहावीच्या टक्क्यांवरून मुलांची विभागणी करण्याच्या आपल्याकडच्या सवयीने या विद्यांचं फार नुकसान केलं आहे. कमी मार्क पडले की आर्ट्स, ही समजूत डोक्यातून काढल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही.

दिवसभर काम, मग येणं-जाणं, घरचं. वेळ काढायचा कुठून?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. ‘इच्छा असली की वेळ मिळतो’ असं आम्ही कोणालाच ऐकवत नाही. हळदीची आवक सुरू झाली की यार्डातल्या माणसाला दिवस-रात्रीचं भान राहत नाही. साखर कारखान्याचा हंगाम लागला की शेतकऱ्याचं सगळं लक्ष तोड कधी येते आणि ट्रॅक्टर कधी लागतो याकडे. नाइट ड्युटीवरून आलेल्या नर्सताईंना ‘रोज पहाटे अर्धा तास वाचा’ असं सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पण एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसली आहे. वाचायला वेळ नसतो, त्याहीपेक्षा काय वाचायचं ते ठरलेलं नसतं. रात्री साडेनऊला वीस मिनिटं मोकळी मिळतात. तेव्हा माणूस ‘आता काय बरं वाचावं?’ म्हणून मोबाइल उघडतो आणि ती वीस मिनिटं तिथेच जातात. म्हणून निवड आधी करून ठेवायची. दोन महिन्यांसाठी एकच पुस्तक किंवा एकच राग पक्का करायचा. पुस्तक कपाटात न ठेवता जिथे बसतो तिथे ठेवायचं. रविवारी आठवड्याचा भाजीपाला आणताना ‘या आठवड्यात कुठून कुठपर्यंत’ तेही ठरवून टाकायचं. मग वीस मिनिटं मिळाली की ती थेट वाचण्यात जातात.

दुसरं म्हणजे वेळ आपल्या धंद्याच्या हंगामाप्रमाणे धरावी. आमच्यातले एक अडते फेब्रुवारी ते मे या काळात फक्त ऐकतात. यार्डात जाता-येता गाडीत एकच रेकॉर्डिंग लावतात. पावसाळ्यात यार्ड थंडावलं की मोठी कादंबरी हातात घेतात. वर्षभर रोज ठरावीक वेळ पाळण्याचा नियम पगारदाराला जमेल. शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला तो जमत नाही, जमायची गरजही नाही.

घरातल्या बाईने वेळ कुठून आणायचा?

घरातल्या पुरुषाच्या वेळातून. दुसरं खरं उत्तर आमच्याकडे नाही. गटात आम्ही ठरवून टाकलं आहे की ज्या रात्री घरातली बाई इथे येते, त्या रात्री मागची भांडी, मुलांचं दप्तर, सासऱ्यांच्या गोळ्या हे सगळं घरच्या पुरुषांनी बघायचं, आणि ती परत आल्यावर ‘हे कुठे ठेवलंयस?’ असं विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली, मग सवय झाली. सून येते आणि सासूबाई घरी राहतात, असंही एका घरात व्हायचं; आता दोघी आलटून-पालटून येतात आणि आल्यावर स्वयंपाकघरात त्याच विषयावर बोलत बसतात. संस्कृतीबद्दल भरभरून बोलणाऱ्या घरांतही बाईच्या वाचनाची वेळ सगळ्यांत आधी कापली जाते. हे बदललं नाही तर बाकीचं सगळं अर्ध्याच माणसांसाठी उरतं.

आठवड्याला तास-दीड तास म्हणजे काहीच नाही. एवढ्यात काय साधणार?

तीन मिनिटांत काय साधतं ते आधी बघू. उस्ताद अब्दुल करीम खाँ किराणा घराण्याचे गायक. ते मिरजेत राहिले आणि 1937 साली गेल्यावर मिरजेच्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत आलं ते 78 आरपीएमच्या ध्वनिमुद्रिकांमधून, आणि अशा मुद्रिकेच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. रात्र-रात्र गाणाऱ्या माणसाने सगळा राग तेवढ्यात बसवायचा!

त्यांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी आम्ही एकदा आठवडाभर ऐकायला घेतली. पहिल्या दिवशी नुसती ऐकायची. दुसऱ्या दिवशी फक्त ‘पिया बिन’ हे दोन शब्द किती वेगवेगळ्या तऱ्हांनी येतात तिकडे कान ठेवायचा. तिसऱ्या दिवशी स्वर कुठे लांबतो आणि कुठे तुटता-तुटता सावरतो ते बघायचं. चौथ्या दिवशी डोळे मिटून, कसलाही विचार न करता ऐकायची. आठवड्याच्या शेवटी आमच्यातल्या, गाण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या एका फिटरने सांगितलं, “हा माणूस प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाला हाक मारतोय असं वाटतं.” संगीतावरचं एवढं चांगलं वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याचे आठवडाभरात पुरते अर्धा तासही गेले नसतील.

खूप वाचलं, खूप ऐकलं यापेक्षा एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जाणं जास्त देतं, हे आमचं ठाम मत आहे. वर्षाला पन्नास पुस्तकांचे संकल्प आम्हाला पटत नाहीत.

मी इंजिनिअर आहे. कविता-बिविता कळत नाही. माझं इथे काय काम?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत या. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा बघा : पंढरपूर भागातून येणारा मोठा वाळलेला भोपळा, त्यावर लाकडी तबली, वर घोडी, घोडीवरून गेलेल्या चार तारा. कारागीर घोडीचा पृष्ठभाग अगदी हलक्या हाताने घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतो. दोरा केसभर पुढे-मागे झाला की आवाज एकदम उघडतो, भरून येतो. यालाच जवारी म्हणतात.

आता खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या ‘सा’ची तार छेडा आणि थांबून ऐका. गंधाराला, म्हणजे ‘ग’ या स्वराला लावलेली तार तंबोऱ्यावर नाही, तरी थोड्या वेळाने गंधार ऐकू यायला लागतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनं असलेला हा स्वर खर्जातच दडलेला असतो. जवारी नीट लागली की तो वर येतो. तुम्ही कॉलेजात हार्मोनिक्स शिकलात ना? तेच हे. आपल्या गवयांनी त्याला स्वयंभू गंधार म्हटलं आणि त्याच्या आधाराने गाणं लावलं. इंजिनिअरला हे समजायला एक संध्याकाळ पुरते. कवितेपासून सुरुवात करायची गरजच नाही.

आणि कारखाना आणि साहित्य यांचं वाकडं असतं, असं निदान आपल्या जिल्ह्याने तरी मानलेलं नाही. लोखंडी नांगर करणारी किर्लोस्करवाडी 1910 साली उभी राहिली आणि त्याच वाडीतून 1920 साली पुढे ‘किर्लोस्कर’ झालेलं ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघायला लागलं, मग 1930 साली ‘स्त्री’. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार, कारखान्याच्या जाहिरातीही बघत आणि मासिकही चालवत. नांगराच्या कारखान्याच्या आवारात महाराष्ट्रभर वाचली जाणारी मासिकं निघत होती.

माझं शिक्षण फारसं झालेलं नाही. मला झेपेल का?

अण्णाभाऊ साठे आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे, जन्म 1 ऑगस्ट 1920. शाळा जवळजवळ नाहीच. गावाहून मुंबईला गेले, गिरणीत आणि मिळेल तिथे काम केलं, अक्षरं स्वतः गिरवली. पुढे ‘फकिरा’ लिहिली, 1959 साली ती प्रसिद्ध झाली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथा आम्ही मोठ्याने वाचतो. एखादा वाचायला अडखळला तर शेजारचा पुढचं वाक्य उचलतो, आणि त्याचं कोणालाही काही वाटत नाही. वारणेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला त्या कथांतलं रान, पाऊस, भाकरीची भ्रांत हे आमच्यातल्या पदवीधरांपेक्षा लवकर आणि खोलवर कळतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

नाटक पाहायचं असतं. वाचायचं कसं?

सांगलीत राहून हा प्रश्न पडावा हे थोडं बोचतं, पण दोष विचारणाऱ्याचा नाही. 1843 साली सांगली संस्थानचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं. त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. एवढं असूनही या मंडळींचं एखादं नाटक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस शोधावा लागतो.

आम्ही देवलांचं ‘शारदा’ घेतलं होतं. ते 1899 सालचं. देवल 1916 साली गेले, त्यामुळे संहितेवर आता कोणाचा हक्क राहिलेला नाही. झेरॉक्स काढा, वाटा. भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. पैशाच्या लोभाने पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, कांचनभट, आमच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याच्या वाट्याला आला. स्वभावाने अतिशय मवाळ माणूस. पहिली काही पानं त्यांनी खाली मान घालून वाचली. मग पैशांचा विषय निघाला तशी त्यांची मान वर आली, आवाज धारदार झाला, आणि शारदा वाचणारी कॉलेजातली मुलगी खरोखरच खुर्ची मागे सरकवून बसली. हॉलमध्ये कोणी हललं नाही. नंतर ते म्हणाले, “हा माणूस वाईट नाहीये, त्याला हिशोब बरोबर वाटतोय. तेच भयंकर आहे.”

त्या रात्रीची चर्चा सव्वा तासात संपली नाही. हुंडा, बिनशेतीच्या मुलाला मुलगी न देणं, मुलीचं शिक्षण मध्येच थांबवून लग्न उरकणं, सगळं निघालं. कोणीही ‘आजच्या काळाशी याचा काय संबंध?’ असं विचारलं नाही. गद्य मोठ्याने वाचावं. पदं येत असली तर म्हणावीत, नसली तर तीही नुसती वाचावीत. कोणीतरी आजी चाल आठवून देतेच.

मुलांची दहावी-बारावी, नीट, जेईई. त्यात हे कशाला घुसडायचं?

क्लासच्या वेळेत घुसडू नका. जेवणाच्या ताटावर घ्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला (1150 साल) भुंग्यांचा प्रश्न विचारून बघा : भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ इतके भुंगे मालतीवर गेले, सगळ्या थव्याचे आठ-नवमांश तिथेच पाठोपाठ गेले, आणि उरलेल्या दोघांपैकी एक सुगंधाच्या ओढीने कमळात अडकून गुंजतोय, बाहेरून त्याची भुंगी त्याला साद घालतेय. तर थव्यात भुंगे किती? उत्तर बहात्तर. छत्तीसचं वर्गमूळ सहा, बहात्तरचे आठ-नवमांश चौसष्ट, आणि वर हे दोघं. आमच्या एका सभासदाच्या अकरावीतल्या मुलाने समीकरण मांडून दोन मिनिटांत उत्तर काढलं, आणि मग ‘पण तो सकाळी सुटला का?’ असं विचारलं. त्यावरून घरात अर्धा तास बोलणं झालं. त्याचा अभ्यास बुडाला नाही, झालं तर भलंच झालं.

याचा नोकरीत, धंद्यात उपयोग काय?

थोडाफार होतो. नीट ऐकायची, नेमकं लिहायची, समोरच्याच्या बाजूने विचार करायची सवय लागते. पण त्यासाठीच येणार असाल तर लवकर कंटाळाल. माणसाला चांगलं गाणं ऐकता यावं, आपल्या आजी-आजोबांनी काय भोगलं ते कळावं, दुःखाच्या वेळी चार ओळी सोबतीला असाव्यात, हे स्वतःच मोलाचं आहे. पगारवाढीच्या तराजूत ते तोलू नये.

इतिहास म्हणजे तारखा आणि वाद. त्यात काय गोडी?

घरापासून सुरू करा. आजचा सांगली जिल्हा 1949 साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून 1943 ते 1946 मधल्या ‘साताऱ्याच्या’ प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेल्या सरकारचा, बराचसा इतिहास आपल्या कुंडल, पलूस, वाळवा पट्ट्यातलाच आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं आपण चौकांच्या पाट्यांवर वाचतो. पण रात्री घरी भूमिगत कोणी आलं तर भाकऱ्या कोण थापायचं, पोलीस आले तर काय सांगायचं, कोणाच्या कणगीमागे माणूस लपायचा, हे त्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडूनच कळतं. त्या पिढीतली माणसं आता फार थोडी राहिली आहेत; त्यांच्या मुलांना ऐकून माहीत आहे. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा. “लढ्याबद्दल सांगा” असं विचारलं की भाषण मिळतं. “त्या वर्षी घरात खायला काय होतं?” असं विचारलं की इतिहास मिळतो. रेकॉर्डिंगवर नाव, गाव, तारीख बोलून ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. 2019च्या महापुरात किती घरांतले फोटो, पत्रं, वह्या गेल्या ते आपण पाहिलंच आहे.

जुनी मराठी समजत नाही. ज्ञानेश्वरी कशी वाचायची?

अर्थासह असलेली प्रत घ्या आणि रोज दहा ओव्या वाचा. साधारण नऊ हजार ओव्या आहेत, म्हणजे अडीच वर्षं लागतील. लागू द्या. आधी ओवी मोठ्याने, मग अर्थ, मग पुन्हा ओवी. बाराव्या अध्यायापासून सुरुवात केली तरी चालतं. तो लहान आहे.

यूट्यूब, ऑडिओबुक चालतं का?

चालतं. फक्त तेच ऐका, मध्ये दुसरं काही उघडू नका.

खर्च किती येतो?

जवळजवळ नाही. वाचनालयाची वर्गणी भरा; गावोगावी सरकारमान्य वाचनालयं आहेत आणि वाचक नाहीत म्हणून तिथले ग्रंथपाल खंतावलेले असतात. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सांगली केंद्रावर होते तेव्हा तिकीट नाश्त्याहून स्वस्त असतं, आणि आपल्याच ऑफिसातला कोणीतरी रंगमंचावर दिसतो. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाणं होतं. अब्दुल करीम खाँ तिथे सेवा म्हणून गात, आजही मोठमोठे कलाकार तशीच हजेरी लावतात. ऐकायला पैसे लागत नाहीत. सतरंजीवर जागा धरायला लवकर जावं लागतं.

सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब कुठे जावं?

औंध. सातारा जिल्ह्यात आहे, पण तासगाव-विट्याच्या वाटेने सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी यमाईच्या डोंगरावर 1938 साली संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प एका लहानशा संस्थानाच्या गावात आहे, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. सगळी दालनं बघायचा अट्टहास करू नका. प्रत्येकाने एक चित्र निवडावं, त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहावं, आणि परत येताना गाडीत त्याबद्दल सांगावं. लहान मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात.

दोन आठवडे जमलं, मग सुटलं. आता?

जिथे सुटलं तिथून पुढे. राहिलेलं भरून काढायच्या मागे लागू नका, त्याच ओझ्याने माणसं कायमची सोडतात. आमच्या गटात सहा-सहा महिन्यांनी परत आलेली माणसं आहेत. त्यांना ‘कुठे होतात?’ म्हणून कोणी विचारत नाही. कुठल्या पानावर आहोत तेवढं सांगतो.

आमच्या गावात असं सुरू करायचं तर?

चार माणसं पुरतात. सगळी एकाच जातीची, एकाच वयाची किंवा एकाच पक्षाची नसतील एवढं बघा. एकसारख्या माणसांत सगळे माना डोलावतात आणि चर्चा मरते. वार पक्का करा, तो कोणासाठीही बदलू नका. पहिल्यांदा अण्णाभाऊंची एखादी छोटी कथा घ्या, एका बैठकीत वाचून संपेल अशी. पुढच्या वेळी काय वाचायचं ते उठायच्या आधी ठरवा, आणि त्याच्या झेरॉक्स काढून आणायचं काम कोणाकडे, तेही.